त्या काळचे लोखंड

धागा. विषय : दुसरी गाडी म्हणून जुनी मोटारसायकल कोणती घ्यावी. भूमिका आधीच सांगतो : आरडी ३५० घेऊ नये, आरशासारखी चकचकीत ‘रिस्टोअर’ केलेली कोणतीच घेऊ नये, आणि ‘त्या काळचे लोखंडच वेगळे होते’ असे म्हणणाऱ्या माणसाकडून तर मुळीच घेऊ नये. कारणे इतिहासात आहेत, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

१/ प्रथम शब्दाचा निकाल लावू. आपल्याकडे तीस वर्षांपूर्वीची कोणतीही गाडी ‘विंटेज’ ठरते. ब्रिटिश मोटारप्रेमींच्या परिभाषेत मोटारींचा विंटेज कालखंड १९३०च्या अखेरीस संपतो. भारतात जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि या शब्दाला कायदेशीर अर्थ मिळाला : पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली, मूळ रूपात जपलेली, चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी.

२/ याच नियमांत पुढे असेही आहे की ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक घेतलेली अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्याचीच मुभा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. म्हणजे कायद्याच्या लेखी विंटेज झालेली गाडी ही दिवाणखान्यात खोळ घालून ठेवलेल्या तंबोऱ्यासारखी. ज्याला रविवारी सकाळी पानशेतपर्यंत जाऊन यायचे आहे त्याने या बिरुदाच्या नादी न लागता साधी नोंदणी असलेली गाडी पाहावी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिचे रीतसर नूतनीकरण होत आले आहे ना, एवढे तपासावे.

३/ आता मुख्य तंटा. जुन्या गाड्या ‘दणकट लोखंडामुळे’ टिकल्या, ही समजूत इतकी रुजली आहे की विकणारा ती किमतीत धरतो आणि घेणारा ती आनंदाने मोजतो. माझे म्हणणे असे की त्या गाड्या टिकल्या, कारण टाकून देण्याची सोय कोणालाच नव्हती.

४/ १९५१च्या उद्योग (विकास आणि नियमन) अधिनियमानंतर कोणी काय बनवावे आणि किती बनवावे हे परवान्यावर ठरू लागले. मोटारसायकलींच्या बाजारात मुख्यतः तीन नावे उरली. बुलेट मूळची इंग्लंडमधील रेडिचची. १९५५मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून एन्फील्ड इंडिया उभी राहिली. राजदूत १७५ ही पोलंडच्या ‘एसएचएल एम-११’ या गाडीवरून एस्कॉर्ट्सने साठच्या दशकाच्या आरंभापासून बनवलेली. तिसरी जावा, चेकोस्लोव्हाकियाची. तिन्ही आराखडे पन्नास-साठच्या दशकांतले, आणि तिन्ही ऐंशीच्या दशकापर्यंत किरकोळ बदलांनिशी तसेच चालू राहिले. सुधारणा करण्याची गरजच नव्हती. स्पर्धा नव्हती आणि गिऱ्हाईक जाणार कोठे?

५/ जावाची कथा आपल्या अंगणातून जाते, म्हणून तिथे थोडे थांबतो. फ्रांतिशेक यानेचेक हा शस्त्रे बनवणारा कारखानदार. १९२९मध्ये त्याने जर्मन ‘वांडरर’ कंपनीची मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि स्वतःच्या व त्या कंपनीच्या नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. पन्नासच्या दशकात मुंबईचे रुस्तम आणि फारोख इराणी या गाड्या आयात करून विकत. आयातीचे दार बंद होत गेले तेव्हा त्यांनी म्हैसूरला कारखाना काढला. १९६१मध्ये महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सत्तरच्या दशकात ‘जावा’ हे नाव सुटले आणि टाकीवर ‘येझदी’ आले. झरतुष्ट्रधर्मीय इराण्यांच्या याझ्द या शहराची खूण सांगणारे नाव. १९९६मध्ये कारखाना बंद पडला.

६/ यंत्र म्हणून ती विलक्षण आहे, यात वाद नाही. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. गिअरची दांडी आत दाबून वर फिरवली की तीच किक होते. नवख्याला ही गाडी सुरू कोठून करायची तेच सापडत नाही. पायाने गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे हातातला क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. १९५०च्या दशकातील ही बुद्धी आजही कौतुकास्पद वाटते.

७/ पण कौतुक वेगळे आणि संसार वेगळा. आमच्या घरी १९७९ची येझदी होती, आणि ती घरातली एकमेव गाडी होती. पावसात तिचे पॉइंट भिजत. प्लग काळा पडे. दर पेट्रोलला लिटरमागे तेल मोजून घालावे लागे. कमी पडले तर पिस्टनचे मरण, जास्त झाले तर मागून येणाऱ्याचे. सायलेन्सरच्या आतली नळी काजळीने बुजली की ती काढून जाळून साफ करायची. वडिलांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सँडपेपरचा तुकडा असे. ‘तेव्हाच्या गाड्या बिघडतच नसत’ असे कोणी म्हटले की मला तो खिसा आठवतो.

८/ १९८४ ते १९८६ या काळात इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज या शंभर सीसीच्या जपानी वंशाच्या गाड्या आल्या. हिरो होंडाची जाहिरात होती : ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. ही ओळ आज केवळ मायलेजची बढाई वाटते. तिचा खरा रोख पाहावा. विसरायचे काय होते? पॉइंट, प्लग, तेलाचे माप, सँडपेपर. ज्या मध्यमवर्गाला आज म्हैसूरच्या लोखंडाचे उमाळे येतात, त्याच मध्यमवर्गाने तेव्हा ते लोखंड मिळेल त्या भावाने विकून सीडी १०० घेतली. आमच्या वडिलांनीही विकली. शहाणपणाच केला.

९/ मग या गाड्या जिवंत कोणी ठेवल्या? पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी गोणपाटावर कार्ब्युरेटर मांडून बसणाऱ्याने. सिलिंडरला बोअर मारून पुढच्या मापाचा पिस्टन बसवणाऱ्या लेथवाल्याने. कंपनी बंद पडल्यावरही हाताने गास्केट कापणाऱ्या मेकॅनिकने. टिकाऊपणा गाडीत नव्हता, तो या माणसांच्या साखळीत होता. तंगीमुळे तयार झालेली ही विद्या आहे. जुनी गाडी निवडताना लोखंड पाहणे म्हणजे म्हणूनच चुकीची वस्तू पाहणे. साखळी पाहावी. अमुक गाडीचे इंजिन खोलून पुन्हा बांधणारा माणूस तुमच्या घरापासून किती किलोमीटरवर आहे आणि त्याचे वय काय आहे?

१०/ या कसोटीवर आरडी ३५० पहिल्याच फेरीत बाद होते. चाहते रागावतील. त्यांच्यासाठी थोडा तपशील. जपानी आरडी ३५० अवतरली १९७३मध्ये. आपल्याकडे एस्कॉर्ट्सने ती ‘राजदूत ३५०’ म्हणून आणली १९८३मध्ये, म्हणजे यामाहाने तिच्या जागी पुढची गाडी आणून कित्येक वर्षे झाल्यावर. मूळ गाडीची शक्ती ३९ अश्वशक्ती. आपल्या वाट्याला ‘हाय टॉर्क’मध्ये ३०.५ आणि ‘लो टॉर्क’मध्ये २७. पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम बसवला. पेट्रोल मनसोक्त पिणारी, रोखणे अवघड आणि सुटे भाग महाग, म्हणून तेव्हा ती खपली नाही. दशक संपता संपता तिचे उत्पादनही थांबले.

११/ जी गाडी आपण तेव्हा नाकारली तिचीच आज पूजा चालली आहे, हे एक वेळ क्षम्य. अक्षम्य आहे तो त्या पूजेचा परिणाम. मागणी भरमसाट आणि गाड्या मोजक्या, अशा बाजारात एक ‘नंबरी’ गाडी उभी करण्यासाठी दोन-तीन गाड्या फोडल्या जातात. कागद एकीचे, चेसिस दुसरीची, इंजिन तिसरीचे, आणि वर आकडे नव्याने ठोकलेले. मी स्वतः एकदा अशा गाडीचे इसारा म्हणून पैसे देऊन बसलो. विक्रेता अत्यंत गोड बोलणारा होता. घरी येऊन इंजिनच्या आकड्यांचे फोटो मोठे करून पाहिले तर त्यातला ‘३’ बाकीच्या आकड्यांपेक्षा किंचित उंच आणि धारदार. इसारा गेला. तेवढ्यावर सुटलो.

१२/ रिस्टोरेशनवरही बोलावे लागेल, कारण इथे इतिहासाचे नाव घेऊन इतिहास पुसला जातो. साठच्या दशकातील एखादी जावा घ्या. टाकीवरचा मूळचा मरून रंग मांडीच्या घासण्याने उडालेला, बाजूला कोण्या पेंटरने कुंचल्याने काढलेली सोनेरी रेघ, मडगार्डवर जुन्या क्रमांकाच्या पाटीची भोके, हँडलला वेल्डिंगची गाठ. हा सगळा दस्तऐवज आहे. कोणी, किती वर्षे, कसल्या रस्त्यावर ती चालवली हे त्यावर लिहिलेले आहे. तो खरवडून त्यावर शोरूममध्येही कधी नव्हते एवढे क्रोम चढवायचे, डुप्लिकेट बिल्ला लावायचा आणि ‘जशी होती तशी केली’ म्हणायचे. ती तशी कधीच नव्हती. एखाद्या हस्तलिखिताची पिवळी पाने पांढरी करून आणावीत, तसला हा उद्योग.

१३/ यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे : हौशी लोकांनी पैसा ओतला नसता तर या गाड्या भंगारात गेल्या असत्या. अगदी खरे. गंजून भोक पडलेली टाकी तशीच ठेवा असे माझे म्हणणे नाही. क्रँक, बेअरिंग, ब्रेक-शू, वायरिंग, टायर यांवर हवा तेवढा खर्च करावा, तो पैसा त्या साखळीतच जातो. तक्रार आहे ती या क्रमाबद्दल, की रंगाला साठ हजार आणि ब्रेकला ‘नंतर बघू’.

१४/ मग घ्यावी कोणती? महाराष्ट्रात राहणाऱ्याला माझे उत्तर : येझदी. २५० बी असो वा १९७८पासूनची रोडकिंग. ती देखणी आहे म्हणून नव्हे. ती भरपूर विकली गेली, तिचे भाग अजून मिळतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती जाणणारा एखादा तरी मेकॅनिक आहे. बुलेटला भागांची अडचण जवळजवळ नाही, पण जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आठवड्याचे पाच दिवस दुसरी गाडी चालवणाऱ्याने सहाव्या दिवशी पाय बदलणे धोक्याचे. अडचणीच्या क्षणी शरीर सवयीचाच पाय दाबते. आरएक्स १००चे गुण मान्य, पण ९८ सीसीच्या त्या बिचाऱ्या सरळमार्गी गाडीचे भाव ऐकले की संवाद संपतो.

१५/ आणि राजदूत १७५. हिचा गौरव कोणी करत नाही. १९७३च्या ‘बॉबी’मधल्या छोट्या राजदूत जीटीएसला चाहते मिळाले, दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून पहाटे गावोगाव फिरलेल्या तिच्या थोरल्या बहिणीला नाही. ग्रामीण अर्थव्यवहाराचा इतिहास ज्या गाडीच्या पाठीवर आहे, ती अजून भंगाराच्या किमतीला मिळते. ज्याच्या गावात तिचा मेकॅनिक असेल त्याने येझदीचाही विचार करू नये.

१६/ घेतल्यावरच्या गोष्टी थोडक्यात. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमधल्या तेलातूनच. घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण मिटून गाडी गिअरवर सोडली तर इंजिन वेगाने फिरत राहते आणि तेल पोचत नाही. खंडाळ्याच्या उतारावर इंजिन सीझ होते ते असे. अधूनमधून क्लच धरून ॲक्सिलरेटर हलका उघडावा. जुन्या सहा व्होल्टच्या दिव्यावर विसंबून रात्री निघू नये. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुने रबर फुगते, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढत असल्याने टाकी आतून गंजते. म्हणून पेट्रोलची नळी नवीन घालावी आणि गाडी महिना महिना भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

१७/ कागद पाहताना आरसीवरचा, चेसिसवरचा आणि इंजिनवरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी, दिवसाच्या उजेडात, रंग असल्यास तो खरवडून पाहावा. मालक ‘आता कशाला खरवडता’ म्हणाला तर चहा पिऊन निघावे.

१८/ माझी सध्याची येझदी १९८४ची आहे. टाकीला पोचा आहे, तो तसाच ठेवला आहे. पॉइंटमधले अंतर ०.४ मिलिमीटर असावे लागते. माझा मेकॅनिक ते मापपट्टीशिवाय, नुसते नजरेने लावतो. वय अडुसष्ट. हाताखाली कोणी मुलगा नाही. गेल्या दोन महिन्यांपासून शनिवारी दुपारी मी त्याच्याकडे जाऊन बसतो आणि तो मला चुकीचे लावू देतो.

प्रश्न असतील तर खाली विचारावेत. ‘ही कितीला पडेल’ या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही.