कावळा बसला आणि फांदी मोडली



पेठला बैठकीसाठी गेलो की बरोबरचे मालेगाव-येवल्याचे कापूसवाले हिरवे डोंगर पाहून हमखास म्हणतात, ‘यांना काय कमी? आपल्या कित्येक पट पाऊस!’ पण पाऊस जास्त म्हणून पाणी जास्त, हे कुठे सिद्ध झाले? उतार तीव्र, माती पातळ, खाली कातळ. पाणी दमणगंगेवाटे समुद्राला जाते आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यांवरच्या बाया हंडा घेऊन झरे धुंडाळतात.

दिसायला खरे, आतून पोकळ, अशा कारणाला न्यायशास्त्रात हेत्वाभास म्हणतात. आपली म्हण त्याहून सोपी : कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. फांदी आधीच किडली होती का, हे कोणी पाहत नाही.

बीटी कापसाला 2002 साली परवानगी मिळाली. देशात रुईचे हेक्टरी उत्पादन तेव्हा तीनशे किलोच्या आसपास होते. 2007-08 मध्ये ते साडेपाचशेच्या वर गेले. एक बाजू म्हणते, सगळी किमया बियाण्याची. पण त्याच काळात गुजरातेत सिंचन वाढले, खतांचा वापरही वाढला. दुसरी बाजू म्हणते, आत्महत्या बीटीमुळे. पण कर्जापायी त्या 1990च्या दशकातही होत होत्या. आम्हीही व्यासपीठावरून पहिली बाजू मांडून टाळ्या घेतल्या आहेत. 2017 साली गुलाबी बोंडअळीने बीटीचीच बोंडे पोखरली, तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते.

‘औषध मारले, अळी गेली, म्हणजे औषध लागू.’ अळी कोषात गेली नसेल कशावरून? ‘अख्खा गाव हेच नेतो,’ असे दुकानदार सांगतो. गाव नेतो, हा पुरावा नव्हे. शंका घेणाऱ्याला ‘तुझी जमीन किती?’ विचारणे, हे उत्तर नव्हे. आपल्याही बैठकीत हा प्रश्न ऐकू येतो. दोन एकरवाल्याचे म्हणणे खरे असू शकते, वीस एकरवाल्याचे खोटे.

मग करायचे काय? फवारताना चार ओळी तशाच सोडा. आठवड्याने दोन्हीकडची वीस-वीस हिरवी बोंडे फोडून अळ्या मोजा. वेचणीचे वजन वेगळे ठेवा. ज्वारीला नवे खत देतानाही चार ओळी सोडा. खर्च आपला, कर्ज आपले. मग पुरावाही आपणच मागितला पाहिजे. पुढच्या बैठकीला मते नकोत, मोजलेले आकडे घेऊन या. आमचे म्हणणे त्यात खोटे ठरले तरी चालेल.