दूरच्या यंत्राला दुसरी वाट हवी

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघाले की औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या दुरूनच दिसू लागतात. १९७० व १९७१ साली येथे १४० मेगावॉटचे दोन संच सुरू झाले; १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे आणखी तीन बसले. पहिले दोन पुढे निवृत्त झाले. या केंद्राच्या शेजारी वाढलेल्या मुलांना एक प्रश्न हमखास पडतो : वीज येथेच तयार होते, मग आमच्याच घरची का जाते? उत्तर सोपे आहे. येथली वीज आधी राज्याच्या जाळ्यात जाते आणि उपकेंद्रांच्या वाटेने आपल्याकडे परत येते. शेवटच्या टप्प्यातल्या तारेवर एक फांदी पडली, तर समोर चिमणी धूर सोडत असली तरी आपल्या घरात अंधारच.

म्हणून ज्याला स्वतःचा सर्व्हर, म्हणजे इतरांच्या मागण्यांना रात्रंदिवस उत्तर देणारा संगणक, चालवायचा आहे, त्याने तो घरात ठेवून भागत नाही. त्यासाठी डेटा सेंटरमध्ये भाड्याने जागा घेतात. आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना ही पद्धत नवी वाटू नये. द्राक्षे बागायतदाराची असतात, शीतगृह दुसऱ्याचे असते. तसेच येथे यंत्र आपले आणि जागा, थंड हवा, अखंड वीज व जोडणी त्यांची. याला को-लोकेशन म्हणतात. नव्या मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे या भागांत अशी केंद्रे आहेत. आत १९ इंच रुंदीच्या यंत्रांसाठी उंच कपाटे असतात आणि भाडे उंचीवर ठरते. एक ‘यू’ म्हणजे पावणेदोन इंच.

एकदा यंत्र तेथे ठेवले की ते घरून चालवायचे. प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. वाट दोनशे किलोमीटरची धरली, तरी जाऊन परत यायला त्याला दोन सहस्रांश सेकंद पुरतात. प्रत्यक्षात वाटेतल्या यंत्रांमुळे याहून अधिक वेळ लागतो, पण बोटाला तो जाणवत नाही. आपण जणू यंत्रासमोरच बसलो आहोत, असे वाटते.

आणि घात येथेच होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी व माझ्या दोन मित्रांनी असाच एक जुना सर्व्हर घेतला होता. त्यावर काही शाळांच्या पावसाच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. एका रात्री मी त्याच्या फायरवॉलचे, म्हणजे कोणाला आत घ्यायचे नि कोणाला नाही हे ठरवणाऱ्या पहारेकऱ्याचे, नियम अधिक कडक करायला बसलो. एक ओळ चुकली. पहारेकऱ्याने इमानेइतबारे हुकूम पाळला आणि पहिल्यांदा मलाच बाहेर काढले! यंत्र ठणठणीत, वीज सुरू, नोंदी जागच्या जागी. फक्त आत जायला वाट नाही. दुसरी वाट मिळत होती, पण तिचे महिन्याचे पैसे आम्ही वाचवले होते. तेथील तंत्रज्ञाला फोन केला, तर त्याने रास्त प्रश्न विचारला : ‘यातले तुमचे यंत्र कोणते?’ आम्ही त्यावर नावाची साधी चिठ्ठीसुद्धा डकवलेली नव्हती. शोधाशोधीत दिवस गेला. तेवढ्यात दोन शाळांच्या मुलांनी नोंद पाठवण्याचा प्रयत्न करून नाद सोडला, आणि त्या दिवसाचा पाऊस वहीत लागला नाही तो नाहीच.

दूरचे यंत्र सांभाळायचे म्हणजे वेगवान जोडणी आणि अवघड परवलीचा शब्द, असे पुष्कळांना वाटते. दोन्ही हवेतच. परंतु पहिले काम दुसऱ्या वाटेचे आहे, आणि ती पहिल्या वाटेवर कशासाठीही अवलंबून असता कामा नये.

सर्व्हरमध्ये हिची सोय असते. मुख्य पट्टिकेवरच एक चिमुकला स्वतंत्र संगणक बसवलेला असतो : बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, थोडक्यात बीएमसी. (मुंबईकरांनी महापालिका समजू नये.) मोठा संगणक बंद असला तरी हा जागा असतो. त्याला तार स्वतंत्र देता येते. तो तपमान सांगतो, मुख्य यंत्र बंद-चालू करतो आणि त्याचा पडदा घरबसल्या दाखवतो. मात्र हेही एक दारच आहे. ते साऱ्या इंटरनेटला उघडे ठेवणे आणि कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द तसाच राहू देणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय.

पुन्हा वीज केंद्राकडे वळू. राज्यातल्या कोणत्या केंद्राने किती वीज द्यावी, हे कळव्याचे राज्य भार प्रेषण केंद्र ठरवते. तेही त्याच ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. आदेश तिकडून येतो, हात इकडचे चालतात. पण केंद्रातली खरी शिकण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेत असते. अचानक सगळी वीज गेली, तरी ते थांबेपर्यंत त्याच्या धारव्यांना तेल मिळालेच पाहिजे, नाहीतर ते जळतील. म्हणून एक तेलपंप केवळ बॅटरीवर चालणारा ठेवतात. शिवाय कोळशाच्या चक्क्या, पंखे, पाण्याचे पंप यांना आधी वीज लागते. सारे जाळेच कोसळले, तर औष्णिक केंद्र स्वतःच्या बळावर उठत नाही, त्याला बाहेरून, बहुधा जलविद्युत केंद्रातून, वीज आणून द्यावी लागते. सर्वांना वीज देणाऱ्यालाही दुसऱ्याच्या विजेची सोय आधीच करून ठेवावी लागते.

हा धडा मोठमोठेही विसरतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक जगभर सहा तासांहून अधिक काळ बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांमधील जोडण्याच तुटल्या. दुरुस्तीची साधने त्याच जाळ्यावर होती आणि अडचणीसाठी राखलेली वेगळी वाटही बंद झाली होती. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत पाठवावे लागले, आणि तेथील कडक बंदोबस्त ओलांडण्यातही वेळ गेला.

ज्या यंत्रापर्यंत माणूस जाऊच शकत नाही, त्याचे काय? २१ जुलै २०२३ रोजी व्हॉयेजर-२ या यानाला दिलेल्या आज्ञांमुळे त्याची अँटेना पृथ्वीपासून दोन अंशांनी वळली आणि संपर्क तुटला. आज्ञा तेथे पोचायला साडेअठरा तास लागत होते. कॅनबेराच्या अँटेनातून अतिशय प्रबळ संदेश पाठवून ४ ऑगस्टला यान पुन्हा ताळ्यावर आणले. पण तो संदेश वाया गेला असता तरी आशा होतीच. वर्षातून काही वेळा आपली दिशा आपणच नीट करायची, असे यानाला शिकवलेले होते, आणि पुढची वेळ १५ ऑक्टोबरची होती. हीच युक्ती सर्व्हरवर करता येते. धोक्याचा बदल करण्याआधी यंत्राला सांगून ठेवायचे : दहा मिनिटांत मी ‘ठीक’ म्हटले नाही, तर सारे पूर्ववत कर. त्या रात्री मला हे माहीत होते. आळस केला.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? मोठ्या कंपनीच्या संगणकाचा तुकडा भाड्याने मिळतो. खरे आहे, आणि पुष्कळ कामांना तोच स्वस्त पडतो. पण पहारेकऱ्याचे नियम चुकवले, तर माणूस त्या तुकड्याबाहेरही तितक्याच सहज अडकतो. शाळेत आपण मुलांना समोरचा संगणक चालवायला शिकवतो, समोर नसलेला नाही. ही उणीव भरून काढायला नव्या मुंबईत भाडे भरण्याचे कारण नाही.

शिक्षकांनी एवढे करून पाहावे. एक जुना संगणक जाळीच्या दाराच्या कपाटात ठेवा. पडदा आणि कळफलक काढून घ्या, वर नावाची चिठ्ठी डकवा. मुलांनी तो दुसऱ्या खोलीतून महिनाभर चालवावा आणि रोजचे तपमान त्यावर नोंदवावे. दुसरी वाट म्हणून शेजारी एक लहान संगणक सिरियल तारेने जोडू द्या. पण ही सूचना मुलांकडूनच यावी, तोवर थांबा. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असू द्यावी, आणि ती मागायला कोण, कधी, कशासाठी आले, हे त्यांनी एका वहीत लिहून ठेवावे.