महामार्गाचं काम आणि आपली आंब्याची पेटी



मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण पनवेलच्या टोकाकडून 2011 मध्ये सुरू झालं. कशेडीच्या बोगद्यामुळे घाटाची वळणं चुकली, हे मान्य. रस्ता आपल्याला हवाच आहे. माझा वाद आहे तो कामाच्या वेळेशी.

2022 ला परशुराम घाट 25 एप्रिल ते 25 मे, रोज दुपारी काही तास बंद ठेवायचं ठरलं. म्हणजे ऐन हापूसचा महिना! हलक्या गाड्यांना चिरणी-आंबडसवरून वाट होती, मोठ्या गाडीने काय करायचं? उन्हात उभ्या गाडीत ताडपत्रीखाली पेटी तापते, वाशीला पोचेपर्यंत फळ मऊ पडतं आणि पट्टीतली कपात आपल्याच माथी.

पावसाच्या आत डोंगर कापायला हवा, असं सांगतात. बरोबरच आहे. पण कोरडे दिवस काय फक्त एप्रिल-मेतच येतात? दिवाळी झाली की मार्चपर्यंत वेळ असतो. घाटातली मोठी खोदाई तेव्हाच उरकावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाट बंदचा आदेश जिल्हाधिकारी काढतात. त्यांच्यापुढे नुसती तोंडी तक्रार टिकत नाही, कागद लागतो. म्हणून यंदा प्रत्येक गाडीची निघाल्याची व पोचल्याची वेळ, खराब निघालेली फळं आणि पट्टीचा फोटो कंपनीच्या नंबरवर टाका.

तोवर काढणी सकाळी, देठ 4-5 सेंमी ठेवून करा. पेटीत पेंढा थोडा जास्तच घाला (डायव्हर्शनचे खड्डे माहीत आहेत ना!). गाडी ऊन उतरल्यावरच भरा.

– आपला कृषी सल्लागार