चेहऱ्यावरून निदान? आधी ही दोन नाणी पाहा!

"डॉक्टर, फोटो पाठवलाय. चेहऱ्यावरून सांगा ना, काय झालंय?" असे मेसेज मला रोज येतात. आमच्यातले काही डॉक्टर तर याच्याही पुढे जातात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन सम्राटांची नाणी पाहून ते त्यांना आजार चिकटवतात! मला हे दोन्ही मान्य नाही. का, ते सांगतो.

पहिलं नाणं सम्राट ऑगस्टसचं. 'ऑरियस' नावाचं, सुमारे ८ ग्रॅम सोन्याचं. त्यावरचा चेहरा देखणा, तरुण, निरोगी. ऑगस्टस ७५ व्या वर्षी वारला, पण नाण्यावर तो म्हातारा झालाच नाही! प्रत्यक्षात काय होतं? चरित्रकार सुएटोनियस लिहितो, त्याला मूतखड्याचा त्रास होता, डाव्या पायात जोर कमी होता, थंडी अजिबात सोसत नव्हती. इ.स.पू. २३ मध्ये तर तो मरता मरता वाचला.

दुसरं नाणं नीरोचं. गुबगुबीत गाल, जाडजूड मान. बघताच कुणी म्हणेल, "थायरॉईड!" पण तोच सुएटोनियस सांगतो, १४ वर्षांच्या राजवटीत नीरो फक्त तीनदा आजारी पडला.

म्हणजे दिसायला ठणठणीत तो आजारी आणि दिसायला आजारी तो ठणठणीत! शेवटी नाणं म्हणजे सरकारी जाहिरात. राजा जसा दिसायला हवा, तसाच त्यावर उमटणार. तुमच्या मोबाईलमधला फिल्टर तरी वेगळं काय करतो?

मग चेहरा काहीच सांगत नाही का? सांगतो. डोळे पिवळे दिसले की आम्हाला काविळीची शंका येते. पण शंका म्हणजे निदान नव्हे. मान जाड दिसली तर ती हाताने तपासावी लागते, पाणी गिळायला सांगून गाठ हलते का ते बघावं लागतं, टीएसएच ही रक्ततपासणी करावी लागते. आणि वाढलेलं बीपी? ते बहुतेक वेळा चेहऱ्यावर दिसतच नाही. "मी तर छान दिसतोय" म्हणत माणूस वर्षानुवर्षं तपासणी टाळतो आणि एक दिवस थेट पक्षाघात होतो.

तेव्हा फोटोवरून आजार सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो डॉक्टर का असेना. आणि आरशात चेहरा छान दिसतो म्हणून निर्धास्तही राहू नका. फोटो पाठवण्यापेक्षा स्वतः या, बीपी मोजून घ्या!