वाट दाखविणाऱ्याने जात विचारली नाही

जपानमधील कोयासान विद्यापीठात २०१५ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्याच्या दर्शनाची ओढ आम्हांस जानेफळहून तेथवर घेऊन गेली. ओसाकाच्या नांबा स्थानकावर आम्ही गोंधळून उभे होतो. एका वृद्ध गृहस्थाने आमचे तिकीट पाहिले, आपली वाट सोडून आम्हांस गोकुराकुबाशीच्या गाडीपर्यंत पोहोचविले, कमरेत लवून नमस्कार केला आणि तो निघून गेला. आम्ही कोण, हे त्याने विचारले नाही. त्या देशात विनामूल्य वाट दाखविणारे स्वयंसेवकही आहेत. प्रवाशाने त्यांचा प्रवासखर्च व भोजन तेवढे सोसावयाचे.

प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु गाडीत बसल्यावर आम्हांस १९०१ सालचे मसूर स्थानक आठवले. वडिलांना भेटण्यास गोरेगावी निघालेले बाल भीमराव इतर मुलांसह तेथे उतरले होते. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. 'महार' हा शब्द कानी पडताच त्याचा चेहरा पालटला. अखेर दुप्पट भाडे कबूल करून, बैलगाडी स्वतः हाकीत ती मुले निघाली. रात्रभर त्यांना पाणी मिळाले नाही. त्या मास्तरजवळ दया होती. परंतु जात कळताच आटणारी ती दया होती.

जपान निष्कलंक आहे असे मात्र कोणी समजू नये. तेथील बुराकू समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तुच्छता सोसली आणि १९२२ साली क्योतो येथे 'सुइहेइशा' स्थापून समतेचा लढा पुकारला. त्यांच्याविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठी २०१६ सालीही कायदा करावा लागला. सबब, केवळ सौजन्यावर विसंबणे धोक्याचे आहे. आपल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे व सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या केल्या. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. हा हक्क कोणाच्या दयेवर अवलंबून नाही.

तथापि कायदा विहीर खुली करतो. तहानलेल्यापुढे तांब्या धरावयास माणूसच लागतो. आपल्याकडे परका माणूस एस.टी.तून उतरला की आजही विचारले जाते, "आडनाव काय?" त्या प्रश्नाचा हेतू सर्वांस ठाऊक आहे. बंधुभगिनींनो, धम्म स्वीकारलेल्या आपल्या तोंडूनही तो प्रश्न कधी कधी निघतो, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. यापुढे आपण प्रवाशास एवढेच विचारावे: "कोठे जावयाचे आहे? पाणी घेता का?"