प्रेमाच्या रस्त्याला तिकीट? असलंच पाहिजे!

लग्नसराई जवळ आली की हनिमूनला इटलीच्या समुद्रकिनारी जायचं म्हणणारे हमखास भेटतात. तिथल्या चिंक्वे तेर्रेत रिओमाजोरे ते मानारोला असा कड्यावरून जाणारा जेमतेम किलोमीटरभराचा ‘प्रेमाचा रस्ता’ आहे. २०१२ मध्ये दरड कोसळून पर्यटक जखमी झाले, रस्ता बंद पडला. पर्यटकांसाठी पूर्ण उघडला तो थेट २०२४ मध्ये! आता आधी वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं. स्थानिकांना मात्र फुकट.

काहींना ही लूट वाटते. मला नाही वाटत. कडा सांभाळायला पैसा लागतो, अन् एवढ्या झुंबडीत गावकऱ्यांनी जगायचं कसं? म्हणून नवदांपत्यांनो, जुलै-ऑगस्ट टाळा, गावातच दोन रात्री मुक्काम करा. सेल्फी काढून पळालात तर गावाच्या पदरात काय पडणार?

तुम्हाला काय वाटतं?