कापसाचा भाव कोण पाडतो?

श्रीमंत आणि गरीब देशांमधील दरी हा वसाहतकाळाचा मागे उरलेला परिणाम असून व्यापार खुला होत गेला की ती आपोआप बुजेल, असे प्रतिपादन गेली अनेक दशके केले जाते. कापसाच्या बाजाराकडे पाहिले असता मात्र ही दरी नुसती उरलेली नसून, चालू नियमांच्या आधारे हंगामामागून हंगाम राखली जात असल्याचे दिसते.

पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांत कापूस हे लक्षावधी कोरडवाहू शेतकऱ्यांचे नगदी पीक आहे; वेचणी हाताने होते आणि उत्पादनखर्च अमेरिकेपेक्षा कमी येतो. स्पर्धेचे शास्त्र खरे मानायचे तर अमेरिकेचा महागडा कापूस मागे पडायला हवा होता. प्रत्यक्षात अमेरिका दीर्घकाळ जगातील सर्वांत मोठी कापूस निर्यातदार राहिली, कारण तेथील सुमारे 25,000 कापूस उत्पादकांना मिळणारी सरकारी मदत 2001-02 च्या सुमारास वर्षाला 3 अब्ज डॉलरच्या घरात गेली होती. भाव कोसळला तरी तूट सरकारी तिजोरीतून भरून निघत असल्यामुळे तेथील लागवड फारशी घटत नाही, जादा रुई निर्यातीला निघते, जागतिक भाव आणखी दबतो आणि त्या दबलेल्या भावाचा सगळा भार, ज्याच्यामागे तिजोरी नाही, अशा शेतकऱ्यावर पडतो.

ही सगळी मदत नियम चुकवून दिली जाते असेही नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या 1995 पासून लागू झालेल्या कृषी करारात, उत्पादन आणि भाव यांवर थेट परिणाम करणाऱ्या अनुदानांना ‘ॲम्बर बॉक्स’ म्हणतात, आणि त्यांची कमाल मर्यादा 1986 ते 1988 या वर्षांतील अनुदानांवरून ठरवण्यात आली. ज्यांनी तेव्हा सढळ हाताने अनुदाने वाटली होती, त्यांना त्यात थोडी कपात करून पुढेही वाटण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेच्या बाबतीत तो वर्षाला 19.1 अब्ज डॉलरचा आहे. ज्यांच्याकडे तेव्हा वाटायला काही नव्हते, अशा बहुतेक विकसनशील देशांना उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंतच मुभा उरली. जुन्या उधळपट्टीलाच वारसाहक्क बहाल करणाऱ्या या व्यवस्थेला मुक्त व्यापार म्हणणे धाडसाचे आहे.

2003 मध्ये मेक्सिकोतील कान्कुन येथे झालेल्या संघटनेच्या परिषदेत या चार देशांनी कापसावरील अनुदाने बंद करण्याची मागणी मांडली, तेव्हा मसुद्यातून त्यांना सुचवण्यात आले ते अर्थव्यवस्थेत विविधता आणण्याचे, म्हणजे कापसावरचे अवलंबित्व कमी करण्याचे. ब्राझीलने याच अनुदानांविरुद्धचा खटला 2005 मध्ये अपिलातही जिंकला आणि 2009 मध्ये प्रतिशोधात्मक उपाय योजण्याची परवानगी, म्हणजे अमेरिकी मालावर जादा शुल्क लावण्याचा व प्रसंगी अमेरिकेचे बौद्धिक संपदा हक्क स्थगित करण्याचा अधिकार, मिळवली. त्यावर अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला 147.3 दशलक्ष डॉलर देऊ केले, 2014 मध्ये आणखी 300 दशलक्ष डॉलर देऊन तंटा मिटवला आणि 2018 मध्ये कापसाला पुन्हा भाव-आधारित मदतीच्या कक्षेत आणले. मालीचे शुल्क अमेरिकेला काय दुखवणार? न्याय मिळण्यासाठी प्रतिपक्षाला झोंबेल एवढी बाजारपेठ आधी असावी लागते.

त्याच 2018 मध्ये अमेरिकेने भारताच्या कापूस हमीभावावर जागतिक व्यापार संघटनेत आक्षेप नोंदवला. संघटनेच्या अनुदान मोजण्याच्या हिशेबात आजच्या हमीभावाची तुलना आजच्या बाजारभावाशी न होता 1986 ते 1988 मधील गोठवलेल्या संदर्भ किमतीशी होते, त्यामुळे विदर्भातील शेतकऱ्याचा खर्चही न भागवणारा भाव कागदावर मात्र घसघशीत अनुदान ठरतो.

श्रीमंत देशांचे हे विशेष अनुदानहक्क प्रथम रद्द करावेत, असा प्रस्ताव भारत आणि चीन यांनी 2017 मध्ये संयुक्तपणे मांडला. तो पडून आहे. दरम्यान ऑगस्ट 2025 मध्ये भारत सरकारने कापसावरील 11 टक्के आयात शुल्क स्थगित केले आणि ही सवलत 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमकी नवा कापूस बाजारात येण्याच्या काळात, वाढवली. 2017 ची मागणी सरकारला आजही मान्य असेल, तर ती पूर्ण होईपर्यंत अनुदानित कापसाला शुल्कमुक्त प्रवेश देण्याचे कोणते कारण उरते, याचे उत्तर त्याने कापूस उत्पादकांना जाहीरपणे द्यावे.